साडेतीनशे सीसीची रेट्रो मोटरसायकल नागपुरात : निवड, ऊन आणि देखभाल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मानेवाड्याला राहता, रोज बुटीबोरीच्या एमआयडीसीत जाता-येता, हाताशी सध्या १२५ सीसीची जुनी गाडी आहे आणि आता गोल हेडलाइटची, जुन्या धाटणीची, साडेतीनशेच्या आसपासची नवी मोटरसायकल घ्यावी असे मनात आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी पत्नीसह रामटेकला किंवा त्याहून दूर जाण्याचा बेत आहे. साडेतीनशे घ्यावी की चारशे, हवेने थंड होणारे इंजिन नागपूरच्या उन्हात टिकेल का, पहिले हजार किलोमीटर गाडी कशी चालवावी आणि सोबत काय-काय बसवून घ्यावे, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि अशीच एक गाडी मी स्वतः रोज वापरतो. त्या आधारावर उत्तर देतो.

या गाड्या बाहेरून एकसारख्या दिसत असल्या, तरी त्यांची इंजिने दोन अगदी वेगळ्या प्रकारची असतात आणि निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. रॉयल एनफील्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे असून त्याच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर पिस्टनची वर-खाली धाव ८५.८ मिलिमीटर आहे. होंडाच्या सीबी ३५० मध्ये हीच मापे ७० आणि ९०.५ मिलिमीटर अशी, म्हणजे धाव आणखी लांब. ट्रायम्फच्या स्पीड ४०० मध्ये याच्या अगदी उलट आहे. तिथे व्यास ८९ आणि धाव फक्त ६४ मिलिमीटर आहे. लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांवर, म्हणजे मिनिटाला कमी वेळा फिरत असतानाच, जोर देते. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,००० फेऱ्यांना मिळतो, होंडाचा सुमारे ३० न्यूटन-मीटरचा टॉर्क तर ३,००० फेऱ्यांनाच मिळतो. स्पीड ४०० मध्ये ४० पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचेच एक माप) ताकद आहे, पण ती ८,००० फेऱ्यांवर हाती येते.

फेऱ्या कमी म्हणजे इंजिनाला आराम, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. क्लासिकचे इंजिन ६,१०० फेऱ्यांवर आपली पूर्ण २० अश्वशक्ती देत असते, तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.४ मीटर होतो. स्पीड ४०० चे इंजिन ८,००० फेऱ्यांवर असताना हाच वेग १७.१ मीटर भरतो. म्हणजे कानाला संथ वाटणाऱ्या इंजिनातला पिस्टन पूर्ण ताकदीच्या वेळी दुसऱ्याइतकाच, किंबहुना किंचित जास्त, धावत असतो. म्हणूनच लांब धावेच्या इंजिनाला तासन्‌तास शेवटच्या फेऱ्यांवर ठेवणे योग्य नाही. ते त्या कामासाठी बनवलेलेच नाही.

याला हवेच्या विरोधाची जोड द्या. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर जाताना ती जवळजवळ दुप्पट लागते. वीस अश्वशक्तीच्या गाडीवर मागे माणूस आणि बाजूला बॅग असेल, तर १०० च्या पुढे हाताशी फारसे काही उरत नाही, ट्रकला ओलांडताना चौथ्या गिअरमध्ये यावे लागते आणि हँडलची थरथर जाणवू लागते. याच गाडीवर ६० ते ८५ या वेगात मात्र इंजिन इतके सहज चालते की दिवसभर बसावेसे वाटते. बुटीबोरीचा आपला रोजचा रस्ता बरोबर याच वेगाचा आहे. वर्धा रोडवर ११० ने जायचेच असेल, तर साडेतीनशेची गाडी घेऊन तिला बोल लावण्यात अर्थ नाही. सरळ चारशेची किंवा साडेसहाशेची घ्यावी.

पैशांच्या बाजूने पाहता ३५० सीसी ही आता खरीखुरी सीमारेषा झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा कर उपकरासह ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला. कंपनीची मूळ किंमत तीच धरली, तर ३४९ सीसीची गाडी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त झाली आणि ३९८ सीसीची जवळजवळ सात टक्क्यांनी महागली. विम्यातही हीच रेघ आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये, तर ३५० च्या वर १५,११७ रुपये आहे, कर वेगळा. आपल्या वापराला चारशेची गरज नाही, म्हणून हा जादा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साडेतीनशेमध्येही निवड करताना माणसे रंगावर जास्त वेळ घालवतात आणि चाकांकडे पाहत नाहीत. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. अलॉय चाकांत ट्यूबलेस टायर बसतो. ट्यूबच्या चाकात खिळा गेला की हवा झटक्यात उतरते, चाक खोलावे लागते आणि मागचे चाक असेल तर चेनही ढिली करावी लागते. ट्यूबलेस टायरच्या भोकात रबराची गुंडी मारून दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघता येते. क्रोमच्या तारा दिसायला देखण्या आहेत हे मान्य; पण एमआयडीसीच्या रस्त्यावर खिळे, पत्र्याचे तुकडे आणि तारांचे भेंडोळे रोजचे असतात, तेव्हा आपण अलॉयचीच गाडी घ्यावी. रॉयल एनफील्डच्या गोअन क्लासिकसारख्या एखाद्या मॉडेलमध्ये तारांचे चाक असूनही ट्यूबलेस टायर मिळतो, तो अपवाद आहे.

वजनाचाही विचार करा. क्लासिक १९५ किलोची आहे आणि रॉयल एनफील्डचीच हंटर ३५० ही १८१ किलोची. चालत्या गाडीवर हा फरक विसरायला होतो, पण अंगणातून गाडी मागे ओढताना, उताराला तोंड करून लावलेली गाडी बाहेर काढताना आणि गर्दीत पाय टेकवून वळवताना १४ किलो चांगलेच जाणवतात. हंटरची चाके १७ इंचांची असल्यामुळे ती शहरात चपळ आहे. क्लासिकची पुढची १९ आणि मागची १८ इंची चाके खड्ड्यातून आणि सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरून जास्त शांतपणे जातात. क्लासिकला सेंटर स्टँड मुळातच असतो, हंटरला तो वेगळा बसवावा लागतो. मागची सीटही क्लासिकची जास्त आरामशीर आहे. टेस्ट राइड एकट्याने घेऊ नका. पत्नीला मागे बसवून, शोरूमच्या गल्लीत चक्कर न मारता, रिंग रोडच्या भरगच्च वाहतुकीत वीस मिनिटे गाडी चालवा आणि त्यांचे मत माझ्या आकड्यांपेक्षा जास्त धरा.

गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी आणण्याची आपली रीत आहे, पण त्या दिवशी शोरूममध्ये एकेका गाडीकडे लक्ष द्यायला कुणालाही सवड नसते. बुकिंग मुहूर्तावर करा आणि शक्य असेल तर डिलिव्हरी चार दिवसांनी घ्या. आदल्या दिवशी जाऊन चेसिस क्रमांक आणि उत्पादनाचा महिना कागदांशी ताडून पाहा. टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, तेही वाचा. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरून दर काढून आणला की शोरूमचाही दर खाली येतो. पूजेबाबत एकच सूचना आहे. हळद-कुंकू आणि तेलाचे बोट टाकीवर, हेडलाइटवर लावा, पण ब्रेकच्या चकतीला लावू नका आणि नारळाचे पाणी तिच्यावर पडू देऊ नका. पॅडमध्ये मुरलेले तेल सहजासहजी निघत नाही, आणि नवी गाडी पहिल्याच चौकात थांबायला हवी तिथे थांबत नाही. लावलेच असेल तर घरी जाण्यापूर्वी ब्रेक क्लीनरने चकती पुसून घ्या.

आता पहिल्या हजार किलोमीटरविषयी. नव्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघा असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीशी घासून तिच्याशी जुळायच्या असतात. यासाठी इंजिनावर थोडा भार यावा, तो कमी-जास्त होत राहावा आणि अधूनमधून इंजिनाला उसंत मिळावी, एवढेच अपेक्षित आहे. त्यामुळे ‘पहिले हजार चाळीसनेच चालवा’ हा सल्ला अपुरा आहे. सपाट वर्धा रोडवर चाळीसच्या एकाच वेगाने तासभर गेलेली गाडी नीट बसत नाही. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटल देऊ नका, ६० च्या आसपास थांबा आणि वेग सतत बदलता ठेवा. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार, फुटाळ्याची फेरी, मग पुन्हा शहर, असा मिश्र रस्ता यासाठी उत्तम आहे. त्या काळात मागे माणूस बसवणे शक्यतो टाळा. रॉयल एनफील्डची पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला असते, काही कंपन्यांची १,००० ला. ती एक दिवसही पुढे ढकलू नका, कारण सुरुवातीच्या झिजेतून निघालेला धातूचा चुरा त्या ऑइलमध्ये असतो. काढलेले ऑइल उन्हात धरून पाहिलेत, तर त्यात चंदेरी चमक दिसते. पहिल्यांदा ती दिसली तर घाबरू नये. दहा हजारांनंतर दिसली तर मात्र विचारणा करावी.

याहून जास्त नुकसान एका वेगळ्याच सवयीने होते. ‘गाडी टॉप गिअरमध्ये तीसने चालते’ असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. लांब धावेचे इंजिन ते सहन करते म्हणून ते योग्य ठरत नाही. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल उघडला की प्रत्येक स्फोटाचा धक्का क्रँक, चेन आणि मागच्या हबमधल्या रबरांवर जातो. चेन लवकर ताणते, रबरे चुरतात आणि उन्हाळ्यात इंजिन ठोकल्यासारखा आवाज करू लागते. क्लासिकला फेऱ्यांचे मीटर नाही, म्हणून मी एक ढोबळ मोजमाप सांगतो: चौथा गिअर ४५ च्या पुढे आणि पाचवा ६० च्या पुढे टाका. थ्रॉटल दिल्यावर गाडी गुळगुळीत ओढण्याऐवजी हिसके देत असेल, तर एक गिअर खाली या. सीबी ३५० मध्ये आणि २०२५ नंतरच्या हंटरमध्ये क्लच हलका असतो, तेव्हा गिअर बदलण्याचा कंटाळा करण्याचे कारणही उरलेले नाही.

उन्हाचा प्रश्न नागपुरात कुणीही हलक्यात घेऊ शकत नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि नवतपाच्या दिवसांत ४५ अंश हे काही नवल राहिलेले नाही. तरीही इंजिनाची काळजी लोक चुकीच्या ठिकाणी करतात. समजा धावत्या गाडीच्या सिलिंडरवरच्या धातूच्या पात्या (फिन्स) १५० अंशांवर आहेत. हवा ३० अंशांची असेल तर दोघांतला फरक १२० अंशांचा आणि हवा ४५ ची असेल तर १०५ अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणजे मे महिन्यात थंड होण्याची क्षमता साधारण एक अष्टमांशाने घटते. वाहत्या हवेत हे इंजिन तेवढे सहज सोसते. खरी अडचण गाडी उभी राहिल्यावर होते, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पंखा नसतो. दुपारी दोन वाजता सिग्नलवर चालू ठेवलेले इंजिन आपल्याच उष्णतेत शिजत राहते. थांबण्याचा वेळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त असेल तर इंजिन बंद करा. अलीकडे उन्हाळ्यात काही चौकांत हिरव्या जाळीची सावली केली जाते, तिचा लाभ चालकाला होतो, इंजिनाला नाही.

या हवामानात ऑइल मात्र अगदी सांगितलेल्या दर्जाचेच हवे. साडेतीनशेच्या रॉयल एनफील्डला १५डब्ल्यू-५० लागते. त्यातला ५० हा आकडा गरम इंजिनातला दाटपणा सांगतो आणि नागपुरात तोच कामी येतो. डब्यावर जासो एमए२ असे लिहिलेले पाहून घ्या. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे, कारचे ऑइल ओतल्यास त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या घटकांनी क्लच घसरू लागतो. ऑइलची पातळी सेंटर स्टँडवर गाडी सरळ उभी करून, इंजिन थोडे चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी काचेच्या खिडकीतून पाहायची असते. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत पाहून ‘ऑइल संपले’ म्हणत गॅरेजमध्ये येणारे आणि वर अर्धा लिटर जादा ओतून आणणारे ग्राहक दर महिन्याला भेटतात.

गाडीपेक्षा चालकाने स्वतःला जपणे जास्त निकडीचे आहे. आपल्या त्वचेचे तापमान ३४-३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा थंड करत नाही, तापवतो. त्या वेळी फक्त घाम सुकण्यानेच शरीराची उष्णता बाहेर जाते आणि उघड्या हातांवरचा घाम इतका भराभर उडतो की पाणी कमी पडते. म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बुटीबोरीहून दुपारी येणे हे सोयीचे वाटले तरी चुकीचे आहे. आत सुती कपडा, वर जाळीचे जॅकेट, हातमोजे आणि तोंड झाकणारे फुल-फेस हेल्मेट घाला. निघताना आतला कपडा ओला केलात, तर पहिली वीस मिनिटे सुखाची जातात. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडची पद्धत मी मोडीत काढणार नाही, मात्र तो ठेवून पाणी प्यायचे राहू नये. हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह असावे. १ जून २०२१ पासून त्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला ते मिळते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, तेव्हा दोन घ्या.

उन्हाचे आणखी दोन-तीन परिणाम आहेत. पेट्रोल दर दहा अंशांना साधारण एक टक्का प्रसरण पावते. जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल आपण १३ लिटरच्या टाकीत काठोकाठ भरले आणि गाडी उन्हात लावली, तर पाव लिटर पेट्रोलला जागा उरत नाही. तोंडाच्या खालच्या पट्टीपर्यंतच भरा. सध्याच्या ई-२० पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते, म्हणून जुन्या लोकांनी सांगितलेला मायलेज मिळाला नाही तर गाडीत दोष शोधत बसू नका. मिश्र वापरात लिटरला ३२ ते ३७ किलोमीटर हे ठीक आहे. तिसरी बाब साइड स्टँडची आहे. मे महिन्यात डांबर मऊ होते आणि १९५ किलोच्या गाडीचा स्टँड त्यात हळूहळू रुतत जातो. गाडी लावून जाताना सरळ वाटते, तासाभराने परत यावे तर ती शेजारच्या स्कूटरवर रेललेली असते. तळहाताएवढा जाड पत्र्याचा तुकडा बॅगेत ठेवा आणि स्टँडखाली सरकवा. गट्टूंवर (पेव्हर ब्लॉकवर) गाडी लावतानाही हेच करा, कारण सैल गट्टू एका बाजूने दबतो.

देखभालीत सर्वांत जास्त दुर्लक्ष चेनकडे होते, आणि आपल्या हातात असलेले सर्वांत उपयोगी काम तेच आहे. या गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडीपाशी रबराच्या बारीक रिंगा असतात आणि त्यांच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते. पेट्रोलने धुतल्यास किंवा तारेच्या ब्रशने घासल्यास रिंगा फाटतात आणि आतले ग्रीस गेले की चेन संपते. वरून कितीही तेल मारले तरी ते आत पोहोचत नाही. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि कोरडे फडके पुरेसे आहे. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूने ल्यूब मारा आणि रात्रभर मुरू द्या. इंजिन बंद ठेवूनच चाक हाताने फिरवा. गिअरमध्ये चालू इंजिनावर चेन पुसताना बोटे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. ढिलाई किती असावी ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत घट्ट लागते, त्या जागी ती मोजा, आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. फार घट्ट केलेली चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट, कारण मागे माणूस बसल्यावर ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते.

टायरची हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासा. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला की ३६ च्या वर जाते. हे अपेक्षितच आहे. गरम टायरमधली ‘जास्तीची’ हवा पंपावर सोडून दिली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो. पत्नी मागे असतील तेव्हा मागच्या चाकात मॅन्युअलप्रमाणे जास्त हवा भरा आणि मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन पायऱ्या कडक करा. त्यासाठीचा पाना गाडीच्या टूलकिटमध्ये मिळतो आणि बहुतेकांच्या घरी तो प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच येत नाही.

जुनी बुलेट चालवलेले एखादे काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांच्या सल्ल्यांचा आदर ठेवून सांगतो की त्यातले निम्मे या गाडीला लागू नाहीत. आता किक नाही, पॉइंट नाहीत, डीकॉम्प्रेशनचा खटका नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर फ्युएल इंजेक्शनची गाडी ढकलून सुरू करण्याच्या भरवशावर राहू नये, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर चार्जर लावा. उलट एक काम वाढले आहे: सध्याच्या लगेच आधीच्या पिढीतल्या साडेतीनशे-पाचशेच्या बुलेटमध्ये टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) ऑइलच्या दाबाने आपोआप जुळत असत, सध्याच्या साडेतीनशेमध्ये ते ठरलेल्या अंतराने मोजून घ्यावे लागतात. थंड इंजिनात किंचित टिकटिक ऐकू येणे ठीक आहे. ती आवडत नाही म्हणून मेकॅनिकला टॅपेट घट्ट करायला सांगू नका. झडप पूर्ण बसली नाही तर ती जळते.

सोबत काय बसवावे, याचे उत्तर मोजके आहे. लेग गार्ड, साडी गार्ड आणि मागच्या व्यक्तीला धरायची दांडी. यातली दांडी, मागचे फूटरेस्ट आणि मागच्या चाकावरचे आच्छादन केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानेच आवश्यक आहे, त्यामुळे दिसायला बरे म्हणून साडी गार्ड काढून टाकणाऱ्यांचे अनुकरण करू नका. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड होतो, हे एक कारण झाले. दुसरे असे की उत्सर्जन शुद्ध करणारा भाग आणि ऑक्सिजन सेन्सर त्याच नळीवर असतात. नळी बदलली की मिश्रणाचा हिशेब बिघडतो, उन्हात इंजिन जास्त तापते आणि वॉरंटीचा दावा नाकारला जातो. वायरिंग कापून बसवलेले जादा दिवे आणि हॉर्न हाही माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग असतो. लावायचेच असतील तर रिले आणि वेगळ्या फ्यूजसह लावा.

विम्यात झिरो डेप्रिसिएशनसोबत (म्हणजे भाग बदलताना घसारा कापला जात नाही) इंजिनाच्या संरक्षणाचे कलमही घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावरच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात आलेल्या गाड्यांपैकी पाण्याने कमी आणि घाईने स्टार्टर दाबल्याने जास्त बिघडल्या होत्या. बुडालेल्या गाडीची चावी फिरवूसुद्धा नका. बॅटरीची तार काढून ती तशीच गॅरेजमध्ये उचलून आणा.

१२५ वरून येणाऱ्याने ब्रेकचा सराव वेगळा करायला हवा. थांबण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि केवळ मागचा पायब्रेक दाबायची जुनी सवय १९५ किलोच्या गाडीवर महागात पडते. मोकळ्या मैदानात ४० च्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटका न देता पिळत वाढवून, एबीएसची थरथर बोटांना जाणवेपर्यंत लावून पाहा. एबीएस चाक अडकू देत नाही. गिट्टीवर किंवा वाळूवर तो अंतर कमी करत नाही. सिमेंट रस्ता आणि बाजूचे गट्टू यांत जिथे पातळीचा फरक आहे, तिथे कडेला समांतर जात चढू नका. थोडे काटकोनात वळून, गाडी सरळ ठेवून चढा.

फिरण्याच्या बेतांत समृद्धी महामार्गाचा विचार सोडून द्या, तिथे दुचाकींना परवानगी नाही. रामटेक पहिल्या सर्व्हिसनंतरच्या पहिल्या फेरीसाठी योग्य आहे; राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मनसरपर्यंत, मग आत, आणि शेवटी गडाचा छोटा घाट. त्याच महामार्गाने देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलातून जाताना वन्यप्राण्यांसाठी उंचावरून नेलेला रस्ता लागतो, तरी सूर्यास्तानंतर ट्रकची रांग आणि समोरून येणारे झोत यांमुळे तो पट्टा दुचाकीसाठी मी टाळतो. पचमढी सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि तामियामार्गे आहे. सिल्लेवानीच्या घाटात उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये राहा आणि वेग इंजिनालाच धरू द्या, कारण सलग दाबून ठेवलेला मागचा ब्रेक तळाशी पोहोचेपर्यंत मऊ पडतो. हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, गाडीचे दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावर ठेवा. चेन, हवा, ऑइल आणि ब्रेकचे पॅड निघण्याच्या दोन दिवस आधी पाहून घ्या. रविवारी पहाटे उणीव लक्षात आली तर त्या वेळी शोरूमही बंद असते आणि माझे गॅरेजही.